मूठभर तांदूळ आणि गुरुजींचा टीव्ही

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर, सुजातावर. कधी झाला, तेही सांगते. ज्या हिवाळ्यात मोहाडीच्या घराघरांतून पाठीला कुबड असलेले जुने टीव्ही बाहेर पडले आणि भिंतींवर चपटे चढले, ज्या हिवाळ्यात बटणांचे फोन पोरांच्या खेळण्यात गेले आणि काचेचे फोन खिशात आले, त्या हिवाळ्यात. धानाची मळणी आटोपल्यापासून होळीपर्यंत. सुजाता तेव्हा पहिलीत होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी भाताच्या वासाबद्दल आणि पितळेच्या आवाजाबद्दल लिहिणार आहे, आणि वाचणाऱ्याला ते गोड वाटून तो मूळ गोष्ट विसरेल याची मला खात्री आहे. विसरू नका. आत्मकथन लिहायचं हे वय नाही, असं मला चळवळीतली मोठी माणसं ऐकवतात. मी आजवर पत्रकं लिहिली. एका पानात म्हणणं संपवायचं, खाली मागणी लिहायची, बसस्टँडवर वाटायची. लोक ती घेतात आणि त्यात चिवडा बांधून नेतात. म्हणून या वेळी लांबलचक लिहिते आहे. यात बांधून दाखवा चिवडा.

आमचं घर मोहाडीच्या कडेला, वस्ती संपून धानाच्या बांध्या सुरू होतात तिथं. बाबा तरुणपणी भंडाऱ्याच्या एका पितळेच्या कारखान्यात घोटाईला होते, म्हणजे ओतून आलेलं काळंकुट्ट भांडं घासून घासून सोन्यासारखं करायचं काम. जिल्हा तुटून गोंदिया वेगळं झालं तेव्हा मी रांगत होते, आणि आईच्या सांगण्याप्रमाणे त्याच सुमाराला कारखान्याला कुलूप लागलं. लोकांना स्टील हवं होतं. बाबांनी मग सायकलला मागं टोपलं बांधलं, दोन्ही अंगांना पोती लटकवली आणि मोडीची फेरी धरली. मोड म्हणजे चेपलेलं, फुटकं, बूड गेलेलं भांडं. ते तोलून घ्यायचं, बदल्यात नवं द्यायचं आणि मोड भंडाऱ्याला भट्टीवर पोचती करायची. मुक्काम करत करत ते पार बपेऱ्यापर्यंत जायचे, मध्यप्रदेशची हद्द लागते तिथवर. परत आले की सायकल आमच्या गल्लीत शिरायच्या आधी तिचा आवाज शिरायचा. गंजाचा, म्हणजे उभ्या पातेल्याचा वेगळा, लोट्याचा वेगळा, परातीचा तर देवळातल्या घंटेसारखा. सुजाता कान देऊन सांगायची, "आज बाबानं घागर आणली," आणि खरंच पोत्यातून घागर निघायची.

आमच्या भागात जुनं भांडं रिकामं देत नाहीत. घरातून जाणाऱ्या भांड्यात बाई मूठभर तांदूळ टाकते आणि मगच ते फेरीवाल्याच्या हातात ठेवते. इतकी वर्षं त्यानं घराला जेवू घातलं, त्याला उपाशी कसं काढायचं, असा त्यामागचा विचार. भट्टीत वितळून ते पुन्हा कुणाच्या तरी चुलीवर चढणारच आहे, तेव्हा त्याला वाटखर्ची दिली. बाबा ते तांदूळ एका पिशवीत जमवून आणायचे. कुठल्या घरचा जाडा, कुठल्या घरचा बारीक, कुठल्या घरी वासाचा चिन्नोर, सगळा एकत्र. आई पौर्णिमेला त्याचा भात घालायची. तो भात कधीच सारखा शिजत नसे. काही शितं मेण झालेली, काही कच्ची राहिलेली, आणि सोबत लाखोरीच्या डाळीचं वरण, वर लसणाची फोडणी. आम्ही त्याला गावभात म्हणायचो. आज मी मोठ्या शहरांत बैठकांना जाते, बारीक, मोकळा, पांढराशुभ्र भात जेवते, आणि मला त्यात कुणाचंच घर लागत नाही.

पितळ संपायला आलं तेव्हा घरांतून दुसरीच मोड निघायला लागली. आधी रेडिओ, मग टेप, मग ते टीव्ही, आणि मग फोन. फोनांना तर अंतच राहिला नाही. भंडाऱ्याच्या मोठ्या बाजारात एका दुकानानं पाटी लावली होती, जुना आणा, नवा न्या. माणसं चालू फोन द्यायची आणि दुसरा चालू फोन घेऊन यायची. कशाला, तर त्याचा कॅमेरा जरा बरा. कशाला, तर साळ्याकडे तोच आहे. तो जुना जायचा कुठं, हे त्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. मी सांगते कुठं जायचा. दुकानाच्या मागच्या दारातून पोत्यात भरून तो माझ्या बाबांच्या सायकलवर यायचा, आणि आमच्या अंगणात उतरायचा.

आणि बायका? त्यांनी टीव्हीलाही भांड्यासारखंच निरोप दिला. गुरुजींच्या घरचा प्रसंग माझ्यासमोर घडला. पुरुषोत्तम गुरुजी म्हणजे आमच्या वॉर्डातले निवृत्त मास्तर, अर्ध्या मोहाडीला त्यांनी उजळणी पाठ करून घेतलेली. त्यांच्या पोरानं नवा टीव्ही आणला, तेव्हा जुना न्यायला बाबांसोबत मीही गेले होते. गुरुजींच्या मंडळींनी टीव्ही ओल्या फडक्यानं पुसला, मूठभर तांदूळ आणले, आणि ठेवायचे कुठं या पेचात उभ्या राहिल्या. टीव्हीला तोंडच नाही. शेवटी त्यांनी ते टीव्हीच्या डोक्यावरच ठेवले.

"मायबाई, इसरशील नाई ना आमाले?" टीव्हीवर हात फिरवून त्या म्हणाल्या.

"अवो, तो का माहेरी चालला का?" गुरुजी ओट्यावरून ओरडले. "जाऊ दे त्याले. नवीनमधे बातम्या किती साफ दिसतात पाय!"

सगळे हसले. बाबाही हसले. त्यांना, गुरुजींना, सगळ्या मोहाडीला मनापासून वाटत होतं की हेही पितळच आहे. हेही कुठल्या तरी भट्टीत जाईल, वितळेल, नवं होऊन येईल. पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं तेच होतं. पितळ परत येतं, हे त्यांना ठाऊक होतं. टीव्ही परत येत नाही, हे त्यांना सांगायला कुणी आलं नव्हतं. ज्यांनी तो बनवला त्यांना ठाऊक होतं, ज्यांनी विकला त्यांनाही असणार. त्यांनी जाहिरातींवर एवढा खर्च केला, त्यात हे एक वाक्य बसलं नाही.

आता राखेबद्दल. पितळेची मोड भट्टीला द्यायच्या आधी आमच्याकडे ती शेकून घ्यायचे. राइस मिलचा भुसा फुकट मिळायचा. अंगणात भुशाचा ढीग घालायचा, त्यात मोड पुरायची आणि आग लावून द्यायची. ज्वाळा नाही, नुसतं धुमसणं. सकाळपर्यंत भांड्याचा मळ, चिकटा, जुनी कल्हई सुटून यायची. मागं उरायची ती राख, मऊ, करडी. या राखेवर आईचा संसार. भांडी तिनं घासायची, वांग्यांच्या वाफ्यात तीच टाकायची, आणि वस्त्रगाळ करून, त्यात मीठ आणि जाळलेली बदामाची टरफलं कुटून तिची राखुंडी करायची. आमचे सगळ्यांचे दात त्या राखुंडीचे. पेस्ट म्हणजे आईच्या मते साखरेचा पाक. "राखीले किडा लागत नाही," ती म्हणायची. "आगीतून निंगालेली चीज हाये. तिच्याहून साफ काई नाई."

टीव्ही-फोनांची मोड आली तेव्हाही आईनं तेच केलं. बाबा हातोडीनं टीव्हीची मान तोडायचे, फट् असा आवाज व्हायचा आणि गल्लीतली कुत्री भुंकायची. आतल्या तारा, सर्किटच्या हिरव्या पट्ट्या, चार्जरांच्या वायरी, सगळं भुशात पुरलं जायचं. सकाळी तांबं लाल होऊन निघायचं. वास मात्र नवा होता, घशात अडकणारा, गोडसर. आईनं नाकाला पदर लावला, एवढाच फरक. राख तीच, असं तिनं धरलं. भुसा तोच, आग तीच, मग राख दुसरी कशी असेल?

सुजाताचं सांगते. आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी वंदना व्हायची, आणि ती सुजाता सांगायची. पाच वर्षांची पोर पुढं बसून, डोळे मिटून, न अडखळता एकेक ओळ म्हणायची, आणि मागून सगळी वस्ती. म्हातारी माणसं म्हणायची, ही पोरगी वकील होते. माझा आवाज फाटका, मला कुणी पुढं बसवलं नाही. मी मागं बसून तिच्या वेण्या पाहायची. आमच्या घराची सगळी आशा त्या दोन वेण्यांवर बांधलेली होती. त्या हिवाळ्यात ती आधी जेवेनाशी झाली. गावभातसुद्धा नको म्हणायची. पोट दुखतं म्हणून आडवी पडायची. मग चिडायला लागली, पाटी फेकायची. आणि मग एका संध्याकाळी ती वंदना सांगता सांगता थांबली. पुढची ओळ येईना. लोकांनी सांभाळून घेतलं, तिच्याऐवजी पुढची ओळ म्हटली. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याही आधी थांबली. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कुठल्याच पत्रकात लिहू शकलेले नाही.

गावातल्या डॉक्टरनं आईलाच धरलं. "लाखोरीची डाळ खाऊ घालता ना? लाखोरीनं पाय जातात, डोकं जाते. सांगितलेलं समजत नाही का तुम्हाला?" आईनं लाखोरी बंद केली. डब्यातली उरलेली शेजारणीच्या बकरीला घातली. सुजाताला काही फरक पडला नाही. कुणी म्हणालं जंत, कुणी म्हणालं नजर, आणि गुरुजी म्हणाले, "लक्ष नाही पोरीचं. दोन छड्या द्या." शेवटी बाबांनी तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. आई आणि मी सोबत गेलो.

तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती आणि दमलेली होती. तिनं रक्त काढलं, आणि रिपोर्ट आल्यावर खुर्ची ओढून आईसमोर बसली. मुलीच्या रक्तात शिसं आहे म्हणाली, नको तेवढं. घरात बॅटरीचं काम होतं का, रंगाचं होतं का, माती खाते का, एकेक विचारत गेली. आई प्रत्येकाला नाही म्हणत गेली, आणि खरंच म्हणत होती. मग बाईनं विचारलं, "दात कशानं घासता?"

आईचा चेहरा उजळला. एवढ्या प्रश्नांत हा पहिलाच तिच्या बाजूचा प्रश्न होता. तिनं पिशवीतून राखुंडीची डबी काढली. दवाखान्यात पेस्टशिवाय काही मिळणार नाही म्हणून तिनं ती मोहाडीहून मुद्दाम आणली होती. "घरचीच हाये, बाई," ती म्हणाली. "वस्त्रगाळ. घेऊन पाहा, तुमचेबी दात दुखणार नाई."

बाईनं डबी घेतली. वास घेतला. राख कशाची, असं विचारलं. बाबांनी सांगितलं. बाहेर कुणीतरी कुणाला चहा आणायला सांगत होतं ते शब्दन्‌शब्द ऐकू आलं. बाईनं समजावून सांगितलं, चांगल्या शब्दांत सांगितलं; त्या हिरव्या पट्ट्यांत काय असतं, टीव्हीच्या काचेत काय असतं, जळाल्यावर ते राखेत कसं राहतं. औषध देऊ म्हणाली. गेलेलं सगळं परत येईल असं मात्र म्हणाली नाही. आईनं डबीचं झाकण लावलं. भंडाऱ्याची एसटी आली, मौदा मागं पडलं. वैनगंगेच्या पुलावर गाडी आली तेव्हा झोपलेल्या सुजाताच्या डोक्यावर हात ठेवून तिनं मला घरच्या नावानं हाक मारून विचारलं, "मित्रा, राख तं साफ रायते ना वो?"

मी काय सांगणार होते? मी नववीत होते.

पुलावरून आईनं ती डबी नदीत टाकली नाही. तिनं ती घट्ट धरून ठेवली. आता हे नदीत टाकलं तर ते कुणाच्या तरी घागरीत जाईल, एवढं तिला एका दिवसात कळलं होतं. बनवणाऱ्यांना एवढ्या वर्षांत कळलेलं नाही.

अंगणात न जाळलेली मोड उरली होती, कुडाच्या उंचीएवढी. बाबा म्हणाले, दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकू, तुमसरकडे एक जण घेतो. आई म्हणाली, "त्याच्या घरी पोट्टे नाई का?"  पुढच्या आठवडी बाजाराच्या सकाळी तिनं शेजाऱ्याची हातगाडी मागून आणली. कुठला टीव्ही कुणाचा, हे तिच्या पक्कं लक्षात होतं. भांड्यांच्या धंद्यात ते लक्षात ठेवावंच लागतं, नाहीतर गंजावरून भांडणं होतात. आम्ही गाडी ढकलत निघालो, आणि आईनं ज्याचं त्याच्या ओट्यावर परत नेऊन ठेवलं. प्रत्येकावर मूठभर तांदूळ. तहसीलच्या एका साहेबानं बाबांना दिलेले जुने फोन तिनं त्याच्या ओट्यावर मांडले, बोटभर जागा सोडून, ओळीनं, आणि प्रत्येक फोनवर चिमूटभर तांदूळ. बाजाराला निघालेली माणसं उभी राहून पाहत होती. कुणीतरी म्हणालं, बाईचं डोकं फिरलं.

गुरुजी ओट्यावर पेपर वाचत होते. आईनं आणि मी त्यांचा टीव्ही उचलून त्यांच्या पायांशी ठेवला.

"हे काय लावलं?" गुरुजी उठले. "देल्ली ना तुमाले वस्तू? मंग आता आमचा काय संबंध?"

"वस्तू तुमचीच हाये, गुरुजी."

"अवो, पण मी तं फुकटात देल्ली होती! उपकार केला म्हणून असं करून राहिल्या का?"

"माह्या पोरीच्या रक्तात निंगाला तुमचा उपकार," आई म्हणाली. ती ओरडली नाही. "मी राख केली, माही चूक, मी भोगतो. पण धूर माह्या अंगणात निंगाला म्हणून टीव्ही माहा नाई होत. तुमी पायला, तुमी हासले त्याच्यासमोर, आता तुमीच सांगा त्याचं काय करायचं. तुमी तं मास्तर होते."

"मले काय मालूम?"

"मंग घेतला काहून?"

गुरुजींनी पेपर खाली ठेवला.  आजवर मी हा प्रश्न दुकानदारांना विचारला, गळ्यात कंपनीचा पट्टा घातलेल्या पोरांना विचारला, भंडाऱ्याच्या कचेरीत टेबलामागच्या साहेबांना विचारला. बनवणाऱ्यानं परत न्यायचं असा नियम आहे, असं मला सगळीकडे सांगतात, वर चहा पाजतात. परत नेणारी गाडी मोहाडीत आलेली मी अजून पाहिलेली नाही. प्रश्न आईचाच आहे. मी फक्त तो छापते.

मोहाडीनं त्यावर काय केलं? बाजार उठायच्या आत तक्रार झाली, ती आमच्या धुराची. ज्यांच्या ओट्यावर टीव्ही परत गेले होते त्यांनी सह्या केल्या, आणि गुरुजींची सही सगळ्यात वर होती, वळणदार. दारावर नोटीस लागली ती आईच्या नावानं. विकणाऱ्याच्या दारावर लागली नाही. फेकणाऱ्याच्या दारावर लागली नाही. आणि ते परत केलेले टीव्ही? पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या बोडीचं, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या छोट्या तळ्याचं पाणी आटलं, तेव्हा गाळातून त्यांच्या कुबडी पाठी वर आल्या. ते पाणी बांध्यांत गेलं होतं. त्या बांध्यांचा तांदूळ सगळ्यांनी खाल्ला, गुरुजींनीही.

आईनं त्या दिवसापासून राखेला हात लावलेला नाही. बाबांनी सायकल विकली, ते आता एका राइस मिलमध्ये पोती उचलतात. गावभात पुन्हा झाला नाही. सुजाता आता मोठी झाली आहे. हसते, आईला हातभार लावते, तिच्या वेण्या अजून तशाच आहेत. वाचायला बसली की दुसऱ्या ओळीवर पहिली विसरते. संध्याकाळी विहारात ती मागच्या रांगेत बसते, आणि सगळ्यांच्या एक शब्द मागून तिचे ओठ हलतात. वंदना आता दुसरंच मूल सांगतं. सुजाता त्या मुलाकडे इतक्या कौतुकानं पाहते की मला तिथं बसवत नाही, मी बाहेर चपलांपाशी येऊन उभी राहते. मला सांगतात, एवढा राग बरा नाही. माझा राग तेवढाच आहे जेवढं तिचं गेलं. मोजून घ्या.

आणि आता तुमचं. तुमच्या घरात, कपाटात, खणात, पलंगाखाली जुना फोन पडलेला आहे, आणि नवा घ्यायचा विचार तुमच्या डोक्यात आहे. तो विचार आधी काढून टाका. हातातला चालतो आहे तोवर चालवा. पडलेला आहे तो भंगारवाल्याला देऊ नका, त्याच्या घरी पोरं आहेत. उठा, माझ्या आईनं केलं तेच करा, ज्याचं त्याच्या दारात नेऊन ठेवा. जिथून विकत घेतला त्या दुकानाच्या काउंटरवर ठेवा. रिकामा ठेवू नका, वर मूठभर तांदूळ ठेवा. आणि हा इथून कुणाच्या अंगणात जाणार, हे त्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय दुकानातून हलू नका.